बाणाच्या टोकाची धार : गारगोटीपासून पोलादापर्यंत

23 जानेवारी 2025 रोजी चेन्नईत तामिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाचा एक अहवाल प्रसिद्ध झाला आणि देशभरच्या विज्ञानवार्तांत काही दिवस लोखंडाचीच चर्चा चालली. तूतुकुडी जिल्ह्यातील शिवगळै येथील दफनस्थळांत लोखंडाबरोबर मिळालेल्या नमुन्यांचा काळ इ.स.पू. 3345पर्यंत मागे जातो, असे त्या अहवालात मांडले होते. त्यावर अभ्यासकांत दुमत आहे आणि ते असणे योग्यही आहे; नमुना आणि लोखंडी वस्तू यांचा संबंध किती घट्ट, हा प्रश्न अशा प्रत्येक कालनिर्णयाला चिकटलेला असतो. या लेखाला त्या वादात पडायचे नाही. ‘लोखंड पहिले कोणाचे’ या प्रश्नाच्या गर्दीत मागे पडलेला दुसरा एक प्रश्न येथे घ्यायचा आहे. लोखंड मिळाले म्हणजे धार मिळाली असे होत नाही. भट्टीतून निघालेले मऊ लोखंड चांगल्या तांब्याच्या पात्याहून फारसे सरस नसते. त्याची कड वळते, दुमडते, दोन घावांत बोथट होते. मग या देशातल्या माणसाने आपल्या हत्यारांना, आणि त्यातही सर्वांत लहान व सर्वांत निकडीच्या हत्याराला, म्हणजे बाणाच्या टोकाला, धार कशी आणली?

बाणाचेच टोक निवडण्याला कारण आहे. कुऱ्हाड बोथट असली तर लाकूडतोड्या आणखी दहा घाव घालतो. बाणाला दुसरा घाव नसतो. साध्या लाकडी धनुष्यातून सुटलेला 30 ग्रॅमचा बाण सेकंदाला 45 मीटर वेगाने गेला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 30 ज्यूल भरते. लष्करी रायफलच्या गोळीची ऊर्जा हजारो ज्यूलमध्ये मोजतात. गोळी आघाताने ऊती फाडते. बाणाजवळ तेवढे बळ नाही. त्याला चिरतच आत जावे लागते आणि रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. पिकलेला टोमॅटो बोथट सुरीने दाबला तर चेपतो, आणि तीच सुरी किंचित ओढली तर कापला जातो, हा स्वयंपाकघरातला अनुभव आहे. दाबाबरोबर पाते सरकत गेले की कापण्यास लागणारे बळ पुष्कळ कमी होते, याचे गणित ॲटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004मध्ये नीट मांडले. रुंद पात्याच्या बाणाची तिरपी कड नेमके हेच करते. बाण सरळ जातो, पण कडेवरचा प्रत्येक बिंदू ऊतीला तिरपा छेदत जातो. कड बोथट असेल तर लवचीक रक्तवाहिनी बाजूला सरकते आणि वाचते. जनावर बाण घेऊन पळते आणि दोन-तीन दिवसांनी कुठेतरी झुडपात मरते. शिकाऱ्याच्या घरी अन्न येत नाही आणि प्राण्याच्या यातना लांबतात. सहाणेवरच्या अर्ध्या घटकेत या दोन्ही गोष्टी ठरत असत.

आता इतिहासकाराची अडचण पाहा. लोखंडी वस्तू मातीत गंजते तेव्हा सर्वांत आधी नष्ट होते ती तिची सर्वांत पातळ जागा, म्हणजे धार. उत्खननात हाती येतो तो बाणाग्राचा फुगलेला, तांबूस गाभा. आकार कळतो, लांबी-रुंदी कळते, पण ते एकेकाळी किती तीक्ष्ण होते हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून धारेचा इतिहास धातूच्या वस्तूंपेक्षा दगडांवरून, ग्रंथांतील सूचनांवरून आणि कारागिरांच्या चालत आलेल्या रीतींवरून जुळवावा लागतो.

आरंभ दगडापासूनच करू. आपल्या उपखंडात धनुष्यबाणाचा सर्वांत जुना भक्कम पुरावा श्रीलंकेतील फा-हियेन लेना या गुहेतून आला आहे. तेथील सुमारे 48,000 वर्षांपूर्वीची हाडांची टोके बाणाग्रे म्हणून वापरली गेली होती, हे त्यांवरच्या आघातखुणांच्या अभ्यासातून 2020मध्ये मांडण्यात आले. भारतात मध्य प्रदेशच्या निमाड भागातील मेहताखेडी येथे सुमारे 45,000 वर्षांपूर्वीची सूक्ष्मास्त्रे मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांचे ते संशोधन 2013चे. सूक्ष्मास्त्रे म्हणजे नखाएवढ्या लांबीची दगडी पाती. ती एकेकटी हातात धरण्यासाठी नसत. झाडाच्या डिंकाने किंवा राळेने काठीच्या खाचेत ओळीने बसवली जात. प्रत्येक सूक्ष्मास्त्र बाणाचेच होते असे समजू नये. कित्येक विळे-सुऱ्यांचेही दात असतील.

या पात्यांसाठी चाल्सिडनी, अकीक, जास्पर हे दगड पसंत केले जात. दख्खनच्या लाव्ह्यातील पोकळ्यांत सिलिका साचून हे दगड तयार झाले आहेत, त्यामुळे महाराष्ट्र आणि माळव्याच्या नदीपात्रांत त्यांचे गोटे विपुल सापडतात. त्यांची खुबी अशी की, त्यांचे स्फटिक इतके बारीक असतात की दगड काचेसारखा, शिंपल्याच्या आकाराच्या वळणाने फुटतो आणि फुटलेल्या जागी अत्यंत पातळ कड तयार होते. अशी ताजी कड घासून आणखी तीक्ष्ण करता येत नाही. घासली तर ती बिघडतेच. म्हणून अश्मयुगीन माणूस धार लावत नव्हता, धार बदलत होता. तुटलेले पाते खाचेतून काढायचे, राळ तापवायची, नवे बसवायचे. काठी तीच, वादी तीच, फक्त दीड सेंटिमीटरचा दगड नवा. आजच्या दाढीच्या पात्याची कल्पना याहून फार वेगळी नाही.

ही पाती काय करू शकत, याचा एक कठोर पुरावा उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यात आहे. सराय नाहर राय या मध्याश्मयुगीन स्थळाचे उत्खनन अलाहाबाद विद्यापीठाच्या गो. रा. शर्मा यांनी 1970च्या दशकाच्या आरंभी केले. तेथील मानवी सांगाड्यांपैकी एकाच्या बरगडीत सूक्ष्मास्त्र रुतलेले आढळले. गंगेच्या गाळाच्या त्या मैदानात दगड मिळत नाही. तो दक्षिणेकडच्या विंध्याच्या बाजूने आणावा लागे. म्हणजे मुद्दाम दुरून आणलेला, जपून वापरलेला दगड माणसावर खर्च झाला होता. शेजारच्या महदहा येथे हाडांची बाणाग्रेही मिळाली. हाडाला दगडाइतकी चिरणारी कड येत नाही, पण टोक चांगले येते आणि ते दगडासारखे सहज तुटत नाही. एक टोचतो, दुसरा चिरतो, ही विभागणी येथूनच दिसू लागते.

तांब्याच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. हडप्पा संस्कृतीची तांब्याची बाणाग्रे पातळ, सपाट पत्र्याची, मागे वळलेल्या दोन काट्यांची असून त्यांना मधली उभारलेली शीर नसते. तांब्याची धार दगडावर घासून येते खरी, पण ती टिकते ठोकल्याने. थंड अवस्थेत हातोडीने कड पातळ करत गेले की तांबे कठीण होते. भांडी ठोकणाऱ्या तांबटाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर भाषेकडे वळावे लागते, कारण धारेच्या खुणा तेथे मातीपेक्षा अधिक टिकल्या आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात युद्धसाहित्यावर एक सूक्त आहे. त्यात विषाने माखलेला, हरणाच्या शिंगाचे टोक असलेला बाण आणि धातूचे मुख असलेला बाण असे दोन्ही येतात. ‘धार लावणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला ‘संशित’ हा शब्दही तेथे आहे, फक्त तेथे बाणाला धार लावणारी शक्ती मंत्राची आहे. महाभारताच्या युद्धपर्वांत बाणाला लागणारे ‘शिलाशित’, म्हणजे दगडावर पाजवलेला, हे विशेषण इतक्या वेळा येते की वाचक ते ओलांडून पुढे जातो. जाऊ नये. बाणाचे मोल सांगताना त्याचा पिसारा आणि त्याला लागलेला दगड हे दोनच तपशील कवीला पुनःपुन्हा सांगावेसे वाटले.

बाणांची नावे तर कार्यशाळेची यादीच आहेत. सूचीमुख, नाराच, भल्ल, क्षुरप्र, अर्धचंद्र, वत्सदंत, कर्णी. यांतील ‘क्षुरप्र’ म्हणजे वस्तऱ्यासारखी रुंद धार असलेला बाण. त्याचा वंशज आज आपल्या शेतात आहे: खुरपे. ‘भल्ल’ हा बाण होता, तो मोठा होऊन भाला झाला. आणि ज्या ‘शाण’ दगडावर बाण पाजवत तो मराठीत ‘सहाण’ होऊन देवघरात चंदन उगाळण्यासाठी आला. तण काढणारी बाई आणि गंध उगाळणारा पुजारी हे दोघेही शस्त्रागारातले शब्द हाताळत असतात, ही गोष्ट मला फार आवडते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगताना बाणाग्रांचे वर्गीकरण दोन शब्दांच्या जागेत उरकले आहे. टोके तीन कामांसाठी: छेदन, भेदन आणि ताडन, ती तीन द्रव्यांची: लोखंड, हाड आणि लाकूड. छेदन म्हणजे कापणे, भेदन म्हणजे आरपार घुसणे. ताडनाचे बोथट टोक कशासाठी, असे वाटेल. पक्षी पिसे न बिघडवता पाडायचा असेल तर तेच लागते, आणि अशी बोथट टोके भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती. धारेची जागा कोठे नाही, हे ठाऊक असणे हाही धारेच्या ज्ञानाचाच भाग आहे.

रुंद टोकाच्या बाणाने काय होते याचे वर्णन दुसऱ्या बाजूकडून मिळते. इ.स.पू. 326-325च्या हिवाळ्यात, आजच्या पाकिस्तानी पंजाबात, मल्लोई म्हणजे मालवांच्या किल्ल्यात अलेक्झांडरच्या छातीत बाण शिरला. तो चिलखत भेदून गेला होता. प्लुटार्क सांगतो की त्या बाणाचे पाते तीन बोटे रुंद आणि चार बोटे लांब असल्याचे म्हटले जाई. आजच्या मापाने रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास येते. चिलखत काढता यावे म्हणून आधी बाणाची काठी करवतीने कापली, आणि मग पाते निघावे म्हणून जखम मोठी करावी लागली. ती वैद्य क्रिटोडेमसने केली की सेनापती पर्डिक्कासने तलवारीने, याविषयी ॲरियन दोन्ही मते देतो. प्लुटार्क हे घटनेनंतर चारशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा बोटांच्या मापावर पैज लावण्याचे कारण नाही. पण रुंद पाते चिरत आत जाते आणि मागे ओढताना पुन्हा चिरते, हा त्या कथेतला गाभा शल्यवैद्यकाने निश्चित ओळखला असता.

आणि शल्यवैद्यकाकडेच आता यायचे आहे. ‘शल्य’ या शब्दाचा मूळ अर्थच बाणाचे टोक. ते काढण्याची विद्या ती शल्यविद्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शरीरात रुतलेली शल्ये काढण्याचे पंधरा उपाय दिले आहेत. त्यांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हाही एक. परंतु ग्रंथकार बजावतो की ज्या टोकाला काटे नाहीत, जे कोठे अडकलेले नाही आणि ज्याच्या जखमेचे तोंड पुरेसे मोठे आहे, तेवढ्यापुरताच तो उपयोगी. काटेरी बाणाला चुंबक लावून काय होईल हे ज्याने पाहिले आहे, त्याचीच ही सूचना असू शकते.

धारेविषयी मात्र याच संहितेचा आठवा अध्याय वाचावा. भारतीय साहित्यात धारेचे इतके मोजके आणि व्यवहारी वर्णन दुसरीकडे क्वचितच असेल. शस्त्राच्या कामानुसार धारेची जाडी चार प्रकारची सांगितली आहे. भेदनाच्या शस्त्रांची धार मसुराच्या दाण्याच्या कडेसारखी, खरवडण्याच्या शस्त्रांची त्याच्या निम्मी, टोचून रक्त काढण्याच्या शस्त्रांची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्रांची अर्ध्या केसाएवढी. माणसाचा केस साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर जाड असतो. चांगल्या पोलादी पात्याची खरी कड याहून कितीतरी पातळ, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही खाली असते, म्हणजे ग्रंथातले माप शब्दशः घ्यायचे नाही. ते डोळ्यांना दिसणाऱ्या कडेचे माप आहे. महत्त्वाचे आहे ते प्रमाण: जेथे जोर लावून घुसायचे तेथे कड जाड, म्हणजे न मोडणारी, जेथे ऊती हळुवार कापायची तेथे अतिशय पातळ. आजही हत्याराला धार लावणारा कारागीर कोन ठरवताना याच तराजूने तोलतो. पातळ कोनाची कड सहज कापते आणि हाडावर आपटताच तिचा तुकडा उडतो. जाड कोनाची कड टिकते, पण जास्त बळ मागते.

पुढे साधने येतात. पाजवण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि धार ‘बसवण्यासाठी’ सावरीच्या लाकडाची फळी. ही फळी कशाला, असा प्रश्न ज्यांनी न्हाव्याला चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाहिले आहे त्यांना पडणार नाही. दगडावर घासले की कडेला धातूची अतिपातळ झालर उठते. ती बोटाला खरखरीत लागते आणि नवख्या माणसाला तीच धार वाटते. पहिल्याच कापाला ती झालर वळते आणि पाते बोथट होते. सावरीचे लाकूड हलके आणि मऊ असते. त्यावर पाते उलटे ओढले की झालर निघते आणि खरी कड सरळ उभी राहते. धार पुरेशी झाली की नाही, याची कसोटीही दिली आहे: शस्त्राने केस कापला गेला पाहिजे. जगभरचे धनुर्धारी शिकारी आजही बाणाचे पाते हातावरच्या लवेवर फिरवून हीच परीक्षा घेतात.

त्याच अध्यायातला ‘पायना’चा भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. पायना म्हणजे पाजणे. लोहार आजही तापलेल्या हत्याराला ‘पाणी पाजणे’ किंवा ‘पाणी देणे’ म्हणतात. सुश्रुताने ते तीन प्रकारचे सांगितले आहे: क्षारात, पाण्यात आणि तेलात. क्षारात पाजलेली शस्त्रे बाण, शल्य आणि हाड कापण्यासाठी. पाण्यातली मांस कापण्या-फाडण्यासाठी. तेलातली शिरा वेधण्यासाठी आणि स्नायू छेदण्यासाठी. आता आधुनिक धातुशास्त्राच्या बाजूने पाहू. लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की त्याभोवती वाफेचे वेष्टन तयार होते आणि ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाण्यात मीठ किंवा क्षार विरघळलेला असेल तर हे वेष्टन लवकर फुटते आणि पोलाद अधिक वेगाने थंड होते. तेलात ते सर्वांत सावकाश थंड होते. वेग जितका जास्त तितके पोलाद कठीण, आणि तितकेच ठिसूळही. म्हणजे हाडावर आणि लोखंडी बाणावर चालवायच्या पात्याला सर्वाधिक कठीणपणा, आणि शिरेत घालायच्या बारीक टोकाला, जे आत मोडून चालणार नाही, सर्वाधिक चिवटपणा. क्रम तंतोतंत जुळतो.

येथे सावध राहण्याची गरज आहे. असे काही सापडले की आपल्याकडे लगेच ‘त्यांना मार्टेन्साइट ठाऊक होते’ अशी वाक्ये फिरू लागतात. ठाऊक नव्हते, आणि तसे म्हणण्याने त्यांचा गौरवही होत नाही. त्यांना ठाऊक होते ते असे की, या भांड्यातून काढलेले पाते मोडते आणि त्या भांड्यातले वाकते. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. भट्टीपाशी बसलेल्या माणसाने शेकडो पाती वाया घालवून मिळवलेले आहे. संहितेत त्याचे नाव नाही. शस्त्रे निष्णात लोहाराकडून करवून घ्यावीत, एवढ्या सूचनेत तो उरला आहे.

सगळेच ग्रंथ इतके साफ नाहीत. 1363च्या शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्वेदाचा भाग आहे. त्यात बाणाग्राला पाणी देण्याची कृती दिली आहे: पिंपळी, सैंधव आणि कुष्ठ गोमूत्रात वाटून लेप द्यावा, अग्नीत तापवावे, मोराच्या मानेसारखा रंग आला की निर्मळ पाण्यात बुडवावे. मोराच्या मानेचा निळा रंग वाचून धातुशास्त्राचा विद्यार्थी चमकेल, कारण घासून चकचकीत केलेले पोलाद सुमारे 300 अंश सेल्सियसला तापले की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येऊन नेमका तसाच निळा रंग दिसतो. पण अडचण अशी की, 300 अंशांवरून पाण्यात बुडवल्याने पोलाद कठीण होत नाही. त्यासाठी ते 750 अंशांच्या वर, लाल तापायला हवे. निळा रंग ही आधीच कठीण केलेल्या पोलादाचा ठिसूळपणा कमी करण्याची खूण आहे. मग एक तर श्लोकात दोन क्रिया एकीत मिसळल्या आहेत, किंवा पहिली पायरी ‘ती तर सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून गाळली आहे. मला पहिली शक्यता अधिक वाटते. कवीने लोहाराला विचारले, लोहाराने सांगितले, आणि छंदात बसवताना एक पायरी निसटली. कारागिराचे ज्ञान पंडिताच्या लेखणीतून उतरते तेव्हा असे वारंवार होते.

प्रत्यक्ष लोखंडाची साक्ष विदर्भातून मिळते. नागपूरजवळच्या माहुरझरी आणि नैकुंड येथील महापाषाणीय स्थळांचे उत्खनन शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी केले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. या भागातील वस्तूंचे छेद घेऊन जँग-सिक पार्क आणि वसंत शिंदे यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दिसले की, मऊ लोखंडात कार्बन मुरवून पोलाद करण्याची रीत त्या लोहारांना अवगत होती. कोळशाच्या निखाऱ्यांत लोखंड दीर्घकाळ तापत ठेवले की कार्बन पृष्ठभागातून आत शिरतो. सगळी वस्तू पोलादाची करण्याची गरज नसते, धारेपुरते झाले तरी पुरते. बाणासाठी तर हे फारच सोयीचे. बाण परत मिळेलच असे नाही. त्यावर उत्तम पोलाद कोण उधळील? दक्षिणेतले प्रख्यात उक्कू पोलाद, ज्याचे नमुने मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 1794मध्ये लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि ज्यावर पुढे मायकेल फॅरडेने प्रयोग केले, ते तलवारींसाठी होते. जंगलातल्या बाणाचे टोक अगरियांसारख्या आदिवासी लोहारांच्या छोट्या भट्टीतून येई.

पोलाद कठीण झाले की त्याला घासणारा दगडही तितकाच कठीण हवा. वालुकाश्मातले क्वार्ट्झ बहुतेक पोलादाला पुरते. विंध्याच्या वालुकाश्माचे निसणे म्हणूनच दूरवर जात. त्याहून कठीण, हिऱ्याच्या खालोखालचे खनिज म्हणजे कुरुंद. त्याची पूड लाखेत मिसळून शिकलगार आपली धारेची चाके बनवत. युरोपीय खनिजशास्त्राने अठराव्या शतकात हे खनिज भारतातून नेले ते नावासकट. ‘कोरंडम’ हा शब्द आपल्याच दक्षिणेतला आहे.

धारेची गरज सर्वत्र सारखी नव्हती. पूर्व हिमालयात, अरुणाचलच्या डोंगरांत, बाणाला वत्सनाभाच्या जातीच्या वनस्पतींचे विष लावत. त्यातील ॲकोनिटीन हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि हृदयाची लय बिघडवते. तेथे टोकाने फक्त कातडीच्या आत विष पोहोचवायचे असते, म्हणून बाण हलका आणि टोक अरुंद चालते.

ब्रिटिश राजवटीने 1878च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या शब्दाची व्याख्या करताना तोफांच्या आणि बंदुकांच्या रांगेत धनुष्यबाणही घातले. स्वतंत्र भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि 1991च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. वन्यजीवांसाठी ते आवश्यक होते, यात मला शंका नाही. त्याबरोबर बाणाग्रे घडवणाऱ्या लोहाराचे गिऱ्हाईक गेले, आणि त्याचे ज्ञान टिपून ठेवण्याची घाई मात्र कोणालाच झाली नाही. खुरपी आणि कुऱ्हाडीपुरते ते उरले.

एका ठिकाणी ही कथा उलट्या दिशेने घडलेली दिसते. अंदमानच्या बेटांवर लोखंड गाळण्याची विद्या नव्हती. किनाऱ्याला लागून फुटलेल्या जहाजांचे लोखंड तेथील लोकांनी उचलले, थंडच ठोकून सपाट केले आणि दगडावर घासून त्याची पाती केली. रॅडक्लिफ-ब्राउनच्या 1922च्या ग्रंथात त्यांच्या डुकराच्या शिकारीच्या बाणाचे वर्णन आहे. पाते बसवलेला पुढचा भाग काठीपासून सुटतो, पण दोरीने तिला बांधलेला राहतो. जखमी डुक्कर पळताना मागची काठी झुडपांत अडकते आणि ते थांबते. भट्टी नाही, पाणी पाजणे नाही. पण पाते रुंद आहे, कड घासलेली आहे आणि जनावर दूर जाऊ नये याची सोयही केलेली आहे. ऑगस्ट 1981मध्ये ‘प्रिमरोज’ नावाचे मालवाहू जहाज उत्तर सेंटिनेल बेटाच्या प्रवाळभिंतीवर अडकले. खलाशांची सुटका हेलिकॉप्टरने झाली, जहाज तेथेच राहिले. त्या बेटावरचे लोक जहाजांच्या लोखंडाची टोके करतात. कारखान्यात तयार झालेला तो पत्रा पुन्हा एकदा दगडावर घासला गेला.